उकळायचा नाही म्हणजे नाही

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आता चहाचे इतके डबे झालेत की साखरेच्या डब्याला एक खण खाली जावं लागलंय आणि त्याबद्दल आई अजून बोलते. मधला मोठा स्टीलचा डबा तिचा, त्यात नेहमीची सीटीसी पावडर, चमचा आतच खोचलेला. बाकीचे लहान-मोठे माझे, दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश म्हणजे पहिल्या फुटीचा चहा, आसामचा पानांचा चहा, हिमाचलचा कांग्रा, निलगिरी, एक तैवानचा ऊलाँग आणि एक ग्रीन टी जो डाएटवाला नाहीये हे मला प्रत्येकाला सांगावं लागतं.

चव वगैरे नंतरची गोष्ट हो, या सगळ्या प्रकारांत सगळ्यात अवघड काय असेल तर हात न लावणं. आपला चहा म्हणजे किती कामं असतात बघा, आधण ठेवा, आलं ठेचा, साखर टाका, पावडर टाका, उकळी येऊ द्या, दूध घाला, वर यायला लागला की गॅस बारीक करा, परत मोठा करा, मग झाकण, मग गाळणी, आणि गाळणीत चोथा दाबायचा की नाही यावर घरात दोन पक्ष. आणि पानांच्या चहाला? पाणी ओतलं, झाकलं, संपलं. तीन मिनिटं नुसतं उभं राहायचं. मी त्या तीन मिनिटांत ओटा पुसते, डबे सरळ करते, फोन बघते, कारण झाकण उघडून ढवळायला हात नुसते शिवशिवत असतात. आईने पहिल्यांदा हे सगळं बघितलं तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "पाणी तापवून झालं ना, मग आता चहा कधी करणार?"

तिचा प्रश्न बरोबरच आहे, कारण आपण जो चहा पितो तो मुळात उकळण्यासाठीच बनवलेला असतो. सीटीसी म्हणजे पान चिरडायचं, फाडायचं आणि त्याच्या गोळ्या वळायच्या. हे मशीन 1930 च्या दशकात आसाममध्ये आलं. पानाचे इतके बारीक दाणे झाले की पाण्यात पडल्या पडल्या रंग सोडतात, कडकपणा सोडतात, आणि तुरटपणाही भरपूर सोडतात. मग तो तुरटपणा आवरायला दूध. दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन चहातल्या पॉलिफेनॉल्सना, म्हणजे तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांना, धरून ठेवतं, त्यामुळे ते जिभेला कमी आवळतात. म्हणजे दूध, साखर, आलं हे सगळे आपले लाड नाहीत, त्या पावडरीची ती गरज आहे. उलट चांगल्या दार्जिलिंगला दुधात पाच मिनिटं खळाखळा उकळलं तर ना धड दार्जिलिंग लागतं ना धड अमृततुल्य लागतं, नुसते पैसे उकळल्याचं समाधान.

त्यामुळे 'आपला चहा अडाणी आणि तो चहा खानदानी' असलं जे काही लोक बोलतात ना ते मला अजिबात पटत नाही. ही दोन वेगळी पेयं आहेत. सार पिताना कुणी 'हे आमटीसारखं दाट का नाही' असं विचारतं का? मग बिनदुधाचा चहा पिताना जीभ दूध का शोधते? दोन्ही एकाच झाडाची पानं, बास, नातं तेवढंच. गंमत म्हणजे ग्रीन, ब्लॅक, व्हाइट, ऊलाँग हे सगळंही एकाच झाडाचं, कॅमेलिया सायनेन्सिसचं. फरक तोडल्यानंतर काय केलं याचा. पान सुकवून चुरगळलं की त्यातली एन्झाइम्स हवेशी कामाला लागतात आणि पान तांबूस काळं होत जातं, ते पूर्ण होऊ दिलं की ब्लॅक, मध्येच थांबवलं की ऊलाँग, आणि तोडल्यावर लगेच उष्णता देऊन त्या एन्झाइमचा कारभारच बंद केला की ग्रीन. चिनी लोक बहुतेक कढईत भाजून बंद करतात, जपानी वाफेवर. आणि आपला गवती चहा या खानदानात कुठेच बसत नाही, तो सरळ गवत आहे, पण पावसाळ्यात त्याला नाही म्हणून दाखवा!

मोजमापाचं एक वेडही लागतं. पानांचा चहा चमच्याने मोजता येत नाही, कारण दार्जिलिंगची पानं फुललेली, हलकी, त्यांचा शीग लावून भरलेला चमचा आणि सीटीसीचा चपटा चमचा यांचं वजन भलतंच वेगळं. म्हणून केकसाठी आणलेला वजनकाटा आता चहाचाच झालाय. साधारण शंभर मिली पाण्याला दोन ग्रॅम हे प्रमाण मी धरते आणि ते माझ्या मनाचं नाही, चक्क आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ 3103, 1980 चं. पांढरं चिनी मातीचं भांडं, दोन ग्रॅम चहा, उकळतं पाणी, झाकण, सहा मिनिटं. दूध कसं घालायचं याचेही नियम आहेत त्यात. अर्थात ते प्यायच्या चहासाठी नाही, वेगवेगळे चहा एका मापात तोलता यावेत म्हणून आहे, त्यामुळे सहा मिनिटांचा चहा चांगलाच कडक होतो, पण दोष दिसायचे असतील तर तसाच करावा लागतो. याच्याच आधीच्या ब्रिटिश स्टँडर्डला 1999 मध्ये इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं गमतीचं पारितोषिक, मिळालं, तेही साहित्याचं. चहा कसा करावा यावर सहा पानं लिहिणाऱ्यांना साहित्याचं पारितोषिक म्हणजे आमच्या आईला जीवनगौरव द्यायला हवा.

बाबांची गोष्ट आणखी मजेशीर. बाबा आयुष्यभर बशीत ओतून, फुर्रर्र आवाज करून चहा पितात आणि त्यावरून त्यांना घरात लहान-थोर सगळ्यांनी टोकलंय. पण टी टेस्टर, म्हणजे चहा चाखून पारखणारे लोक, नेमकं हेच करतात! चमच्यात चहा घेऊन इतक्या जोरात ओढतात की शेजारच्या खोलीत ऐकू जावं. कारण चहा हवेबरोबर ओढला की त्याचे बारीक थेंब तोंडभर उडतात आणि वास घशामागून नाकात चढतो, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासच असतो. शिवाय फार गरम चहात जिभेला फारसं काही कळत नाही, बशीत तो पटकन निवतो. हे मी बाबांना सांगितल्यापासून आवाज दुप्पट झालाय आणि आई माझ्याकडे बघते.

आता फर्स्ट फ्लशबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ माझा त्याच्यातच जातो. दार्जिलिंगला हिवाळ्यात झुडपं झोपलेली असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये जी पहिली कोवळी फूट येते तो फर्स्ट फ्लश. पाकीट उघडून पान हातात घेतलंत तर वाटेल यांनी दोन-तीन प्रकार एकत्र केलेत, काही पानं हिरवी, काही तपकिरी, मध्येच चंदेरी लव असलेल्या कळ्या. नाव ब्लॅक टी आणि काळं काहीच नाही. कारण हे पान आधी इतकं कडक सुकवतात की नंतर ते पूर्ण तांबडं होतच नाही. पाणी ओतल्यावर रंग येतो फिकट सोनेरी, आपल्याकडच्या मापाने अगदीच फुळकवणी, आणि इथेच बहुतेक लोक त्याला नापास करतात. पण झाकण उचला आणि चहाचा नाही, आधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या. मला तिथे ओल्या गवताचा, कच्च्या आंब्याच्या डहाळीचा आणि कुठल्या तरी पांढऱ्या फुलाचा वास येतो, नवऱ्याला फक्त पालक येतो, ज्याचं त्याचं नाक. पहिल्या घोटात काही घडत नाही. गिळल्यावर दोन-चार सेकंदांनी जिभेच्या कडांना हलका तुरटपणा आणि मागून एक गोडवा येतो, साखर नसताना. मग भिजलेली पानं बशीत काढून बोटाने पसरायची, वळलेली पानं पूर्ण उलगडलेली असतात, दोन पानं आणि मधली कळी अख्खी दिसते, देठासकट, कुणीतरी डोंगर-उतारावर उभं राहून चिमटीत खुडलेली. पावडरीच्या चहात हे कधी दिसायचा प्रश्नच नसतो.

मे-जूनचा सेकंड फ्लश वेगळाच, तांबूस, दमदार, त्यात द्राक्षासारखी एक झाक असते तिला मस्कटेल म्हणतात. आणि ती येते कशामुळे, तर तुडतुड्यांमुळे! हिरवे तुडतुडे कोवळ्या पानातला रस शोषतात, झुडूप स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि ती द्रव्यं आपल्याला कपात मिळतात. तैवानमध्ये तर एक ऊलाँग मुद्दाम असाच, तुडतुड्यांनी चावलेल्या पानांचा करतात, बिना फवारणीचा. आमच्याकडे भाजीवाल्याकडे पानाला एक भोक दिसलं तर जुडी परत आणि इथे तुडतुड्याने चावलं म्हणून जास्त भाव.

ग्रीन टीबद्दल लोकांचं मत वाईट आहे आणि त्याला कारण उकळतं पाणीच. ऑफिसमध्ये मशीनचं वाफाळतं पाणी, त्यात बॅग, आणि ती बॅग मीटिंग संपेपर्यंत आतच, मग ते कडूजार औषध नाक दाबून प्यायचं आणि वजन कमी व्हायची वाट बघायची. पाणी जितकं गरम तितकी कॅटेचिन्स नावाची कडवट-तुरट द्रव्यं जास्त उतरतात, सत्तर-ऐंशी डिग्रीला तोच चहा गोडसर, मटाराच्या शेंगेसारख्या वासाचा लागतो. थर्मामीटर नको, भांड्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरायला लागले आणि वाफ निघू लागली की उतरवायचं, आणि दोन मिनिटांत गाळून टाकायचं. ब्लॅकला मात्र खणखणीत आधण हवं, तिथे कोमट पाणी म्हणजे चहाचा अपमान.

पाण्यावरून आठवलं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, बोअरचं पाणी मिसळतं, आणि त्या दिवसांत कोऱ्या चहावर एक पातळ तवंग धरतो, चमचा फिरवला की त्याचे तुकडे होऊन कपाच्या कडेला चिकटतात. दुधाच्या चहात आपण हे कधी बघतच नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियमचा हा प्रताप, फिल्टरचं पाणी वापरलं किंवा लिंबाचे दोन थेंब टाकले की जातो, आणि लिंबाने रंगही लगेच उजळतो. नळाचं पाणी बदललं की तोच चहा बदलतो, त्यामुळे कुणी 'हा चहा भंगार आहे' म्हणालं की मी आधी विचारते, पाणी कुठलं?

आसामचा पानांचा चहा बाबांना आवडतो कारण तो निदान दिसायला तरी चहासारखा दिसतो. गडद तांबडा, भाजलेल्या धान्याच्या वासाचा. तो कडक करून फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ होतो, दूध न घालता दूध घातल्यासारखा. घाबरायचं कारण नाही, गार झाल्यावर कॅफिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून बसतात म्हणून तसं दिसतं, गरम केला की परत नितळ. निलगिरीचा सहसा गढूळ होत नाही, म्हणून उन्हाळ्यात आइस टीला मी तोच घेते, पुदिना टाकून. कांग्रा मात्र गार नको, तो मंद, गुळगुळीत चहा आहे, 1905 च्या भूकंपाने तिथले मळे उद्ध्वस्त झाले नसते तर आज दार्जिलिंगच्या बरोबरीने नाव घेतलं गेलं असतं असं मला उगाच वाटतं.

आणि हो, चहा वास ओढून घेतो, हे आपल्या स्वयंपाकघरात फार मोठं संकट आहे. गोडा मसाला आणि हिंग यांच्या शेजारी कागदी पाकिटात दार्जिलिंग ठेवायचं म्हणजे आठवड्याभरात आमटी तयार. घट्ट झाकणाचा डबाच हवा. पण याच खोडीचा चिनी लोकांनी उपयोग करून घेतला, त्यांचा जास्मिन टी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपला मोगरा! दुपारी खुडलेल्या कळ्या रात्री उमलतात, तेव्हा त्या ग्रीन टीमध्ये मिसळून रात्रभर ठेवायच्या, सकाळी फुलं चाळून काढायची, पान वाळवायचं, आणि चांगल्या प्रतीच्या चहाला हे पुन्हा पुन्हा करतात, ताजी फुलं घेऊन. आमच्या गॅलरीत एप्रिल-मे मध्ये मोगऱ्याला बरा बहर असतो, त्यामुळे मी एका बरणीत हा उद्योग करून बघितला. वास आला, दुकानातल्याइतका नाही पण आला, फक्त फुलांचा ओलावा पानात उतरतो त्यामुळे नंतर मंद आचेवर तव्यावर नीट कोरडं करावं लागतं. आईचं म्हणणं, देवाला वाहायच्या कळ्या बरणीत घालून झाकण लावतात का कुणी.

तिने सगळे चहा चाखलेत हं, एकही सोडला नाही. प्रत्येक वेळी कप खाली ठेवून "बरा आहे" म्हणते आणि उठून स्वतःसाठी आल्याचं आधण ठेवते. पण एक गोष्ट तिने मनापासून मान्य केलीये. घरच्या चहाचा चोथा कुंडीत घालायचा म्हणजे आधी तो दोन-तीन पाण्यांनी धुवायला लागतो, नाहीतर साखर-दुधाने मुंग्या होतात आणि वास मारतो. माझा चोथा थेट गुलाबाला घालता येतो, न धुता. त्यामुळे ती आता संध्याकाळी आठवणीने विचारते, "तुझं ते गरम पाणी केलंस का आज? चोथा हवाय मला."