ससूनांचा वाडा, जर्मन जनरल आणि चिखलाचे बूट

लेकीकडे लंडनला तिसरी खेप. टॉवर, बिग बेन यांना हजेरी लावून झालेली, म्हणून यंदा भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनच्या उत्तर टोकाला ट्रेंट पार्क हा वाडा आणि त्याचं उद्यान गाठलं. पाटीवर 'कॉकफॉस्टर्स' बघूनच गाडीत चढा. बऱ्याच गाड्या आर्नोस ग्रोव्हलाच संपतात. स्टेशनपासून वाड्यापर्यंत निवांत चालत अर्धा तास धरा.

वाडा फिलिप ससून यांचा. पुणेकराचे कान इथेच टवकारतात: आपलं ससून रुग्णालय ज्या डेव्हिड ससूनांच्या देणगीतून उभं राहिलं, त्यांचे हे पणतू. ते १९३९ साली वारले आणि युद्धात वाडा सरकारकडे गेला. १९४२पासून इथे पकडलेले जर्मन जनरल ठेवले. ठेवले म्हणजे काय, जावयासारखे! बिलियर्ड्स, वर्तमानपत्रं, बागेत फेरफटका. दिमतीला 'लॉर्ड एबरफेल्डी' नावाचा सरदार. तो खरा गुप्तहेर खात्याचा माणूस. लॉर्ड वगैरे सगळं सोंग. इंग्रज बावळट आहेत, असं समजून जनरल मोकळेपणी बोलत, आणि दिव्यांत, शेकोटीत लपवलेले मायक्रोफोन ते टिपत. ऐकणाऱ्यांत बरेचसे हिटलरच्या तावडीतून निसटलेले ज्यू निर्वासित होते. जर्मन त्यांची मायबोली. पलीकडे ज्यूंच्या कत्तलींच्या गोष्टी चालत, आणि यांनी हूं की चूं न करता ध्वनिमुद्रणाची तबकडी फिरवायची. मी तिथल्या बाकावर बसून नुसता तेवढाच विचार करत राहिलो.

मार्च १९४३मध्ये या कैदी जनरलांपैकी फॉन थोमा दुसऱ्या जनरलजवळ, क्रूवेलजवळ, रॉकेटच्या चाचण्यांबद्दल बोलून गेला. इंग्रजांचा संशय बळावला, हवाई छायाचित्रांची छाननी झाली आणि ऑगस्टमध्ये पेनेम्युंडे या जर्मनांच्या रॉकेट-केंद्रावर बॉम्ब पडले.

भोवतालचं उद्यान सर्वांना खुलं आहे. वाड्याजवळ मात्र नवी घरं झाली आहेत, तेव्हा आत जायचं असेल तर आधी चौकशी करा. संभाषणांचे टंकलिखित कागद वाचायचे असतील तर लंडनमधल्याच क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हज या सरकारी दफ्तरखान्यात, डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे युद्ध खातं) २०८ या मालिकेत मिळतात. रविवार-सोमवार टाळा. वाचकपत्र फुकट मिळतं, पण ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा दोन्ही न्या. कागद आधी मागवून ठेवलेत तर दिवस वाया जात नाही. पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. मोबाइलवर फोटो मात्र काढता येतात.

आणि पाऊस होऊन गेला असेल तर जुने बूट घाला. तलावाकडच्या वाटेचा चिखल मी लेकीच्या पांढऱ्या गालिच्यापर्यंत आणला. आमच्या जावयांना ससूनांचा इतिहास ऐकवून वेळ मारून नेली.