दोन खुर्च्या कमी

आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेत भरायचा. एक मोठं झाड, त्याचा पार, समोर दोन पायऱ्यांचा ओटा, एवढीच ती जागा. एरवी दुपारी तिथे पत्त्यांचा डाव रंगायचा, संध्याकाळी मुलांची पकडापकडी.

मेळाव्याला खुर्च्या मांडायचं काम आम्हा मुलांकडे असे. घडीच्या लोखंडी खुर्च्या, उघडताना हमखास बोट चिमटायच्या. सुतळी धरून आम्ही रांगा लावायचो आणि मंडळाचे सेक्रेटरी काका एका टोकाला उभे राहून, एक डोळा मिटून त्या तपासायचे. "तिसरी जरा मागे घे गं." मग माणसं यायची आणि पाच मिनिटांत सगळ्या रांगा मोडायच्या. कुणी खुर्ची शेजारणीकडे वळवायचं, कुणी सावलीत ओढून न्यायचं. मला रडू यायचं. काका मात्र खूश. "बसू दे गं. त्यासाठीच तर आलेत सगळे."

पुष्कळ वर्षांनी विल्यम व्हाइट यांच्या अभ्यासाबद्दल वाचलं आणि काका आठवले. 1970च्या दशकात व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधल्या छोट्या चौकांवर कॅमेरे रोखून माणसं कुठे बसतात, कुठे थांबतात ते टिपलं. हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती थोडी तरी सरकवतो, काही गरज नसली तरी, हे त्यांना वारंवार दिसलं. बोलायला थांबलेली माणसं कडेला होत नाहीत, ऐन रहदारीच्या वाटेतच उभी राहतात, हेही. आमच्या ओट्याच्या त्या दोन पायऱ्या! त्या चढायला दहा मिनिटं लागायची, कारण अख्खी वस्ती तिथेच एकमेकांना भेटत असे.

अहवाल, बक्षिसं, समूहगीत हे सगळं व्हायचं. त्यातलं फारसं आठवत नाही. आठवते ती आई.

आम्ही तिथे राहायला आलो त्या पहिल्या वर्षी ती सगळ्यात मागच्या रांगेत, टोकाला बसली होती. कुणाचीच ओळख नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मागे वळून पाहिलं, उठल्या, आपली खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून आईसमोर बसल्या. "नवीन ना तुम्ही? मग मला सगळं पहिल्यापासून सांगा." आई त्या दिवशी किती बोलली! घरी आल्यावरही बोलत होती. ती इतकं बोलू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी त्या दोघी तिथेच, तशाच समोरासमोर.

कार्यक्रम आटोपला की खुर्च्या मिटून, मोजून परत द्यायच्या. काकांचा नियम एकच: बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. दिवे उतरवणारा ताटकळलेला, सतरंज्या गुंडाळून झालेल्या, आणि मी मोजून सांगायची, "काका, दोन कमी आहेत."

काका वहीतून मान वर न करता म्हणायचे, "कमी कुठल्या? बोलतायत अजून. थांब जरा."

मग मी पाराला टेकून थांबायची.