नील बेटावर जायचं तर आधी ओहोटीची वेळ बघा

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतो, हॅवलॉकला दोन रात्री काढतो आणि नील बेट दोन बोटींच्या मधल्या वेळात उरकतो. कृपया असं करू नका. नील (2018 पासून शहीद द्वीप) छोटं आहे, स्कूटरवर सहज पालथं घालता येतं. पण तिथली मजा भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून एक रात्र तरी राहाच.

लक्ष्मणपूर-2 किनाऱ्यावरची दगडी कमान ओहोटीलाच गाठता येते. पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी निघा आणि भरती लागली की लगेच मागे फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप आत हटतं, अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीला) कमी. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) इथे चालत नाही. पोर्ट ब्लेअरचा (2024 पासून श्री विजयपुरम) भरतीचा तक्ता बघा. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. वाट वाळूची नाही, मेलेल्या प्रवाळाच्या धारदार खडकाची आहे, त्यावर शेवाळ. साध्या स्लिपरा निसटतात. मागे पट्टा असलेले रबरी सँडल घाला.

वाटेतल्या एखाद्या डबक्यापाशी उकिडवं बसा आणि हलू नका. खडकात रुतलेला मोठा शिंपला दिसेल, निळ्या-जांभळ्या नागमोडी कडांचा. तुमची सावली पडली की तो अंग आखडून मिटतो, थोड्या वेळाने हळूहळू उघडतो. काहीही उचलू नका; मेलेलं प्रवाळ नेणंसुद्धा गुन्हा आहे, विमानतळावर सामान तपासतात.

नीलच्याच भरतपूर किनाऱ्याचं गणित उलटं. स्नॉर्केलिंगला तिथे पुरेसं पाणी लागतं, नाहीतर पाय प्रवाळावर आपटतात: ते मोडतं आणि आपणही सोलवटतो. मास्कमध्ये पाणी शिरतं ते बहुतेकदा मिशीमुळे किंवा आत अडकलेल्या केसांमुळे. मिशीवर व्हॅसलिन चोपडा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळा.

मुंबईच्या सुमारे 20 अंश पूर्वेला असूनही घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूर-1 किनाऱ्यावर साडेचारपर्यंत पोचा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला परता.