कृष्णेच्या वाळूतलं व्हॅनेडियम, कुपवाडच्या भट्टीतलं व्हॅनेडियम

एक लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कृष्णेच्या कोरड्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळे, चमकदार कण चिकटतात. त्यातले बरेचसे टायटॅनोमॅग्नेटाइटचे असतात. आपला काळा पाषाण झिजून ते नदीत आले. त्यात लोखंड असतं, टायटॅनियम असतं आणि चिमूटभर व्हॅनेडियमही असतं, पोलादाला ताकद देणारा धातू.

पण साताऱ्या-सांगलीत व्हॅनेडियमची खाण निघणार, असली फॉरवर्ड आली तर पुढे ढकलू नका. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, टनामागे ३००-४०० ग्रॅम व्हॅनेडियम असतं. ब्राझीलमध्ये बाहिया राज्यात माराकास इथं जे खनिज काढतात, त्यात टनामागे ५ किलोच्या वर निघतं, आणि तेवढ्यावरही खाणीचा ताळेबंद दरवर्षी जमतोच असं नाही. आपल्याला जवळचा खरा स्रोत म्हणजे बॉक्साइट. अ‍ॅल्युमिना कारखान्यात बॉक्साइट कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवलं की त्यातलं थोडं व्हॅनेडियम द्रावात उतरतं. तोच द्राव पुन्हा पुन्हा फिरत असल्याने ते साठत जातं आणि गार केल्यावर गाळ म्हणून खाली बसतं. देशात व्हॅनेडियम मिळतं ते अशा गाळातून आणि रिफायनरीच्या वापरलेल्या कॅटॅलिस्टमधून. खाणीतून थेट काहीच नाही. २०२३ मध्ये केंद्राने ३० क्रिटिकल खनिजांची यादी काढली, त्यात व्हॅनेडियम आहे ते यामुळेच.

जगाचा बराचसा माल चीन, रशिया, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील या चार देशांतून येतो. त्यातला मोठा वाटा पोलाद कारखान्यांच्या स्लॅगचा, म्हणजे वितळलेल्या धातूवर येणाऱ्या मळीचा. व्हॅनेडियमवालं लोहखनिज वितळवून निघालेल्या हॉट मेटलमध्ये (पातळ कच्च्या लोखंडात) ऑक्सिजन फुंकतात आणि तापमान १४०० अंशांच्या आसपासच धरून ठेवतात. या तापमानाला कार्बनच्या आधी व्हॅनेडियम जळून स्लॅगमध्ये जातं. तापमान वर गेलं की कार्बन आधी जळू लागतो आणि व्हॅनेडियम धातूतच अडकतं. पुढे स्लॅग दळून सोड्याबरोबर भाजायचा, पाण्यात विरघळवायचा, अमोनियम सल्फेट टाकून खाली बसवायचा आणि पुन्हा भाजून पेंटॉक्साइड, म्हणजे व्हॅनेडियमचं ऑक्साइड, काढायचं. स्लॅगमध्ये चुना जास्त गेला तर कॅल्शियम व्हॅनेडेट तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणजे तेवढा माल हातचा गेला.

सगळा घोळ इथंच आहे. स्लॅग निघतो तो पोलाद विकलं जातं म्हणून. व्हॅनेडियम महाग झालं म्हणून कुणी जास्त पोलाद ओतत नाही. त्यामुळे मागणी जराशी हलली तरी भाव उसळतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनने बांधकामाच्या सळईचे नियम कडक केले. तापलेली असताना नुसत्या पाण्याने कडक केलेली सळई चालेना, म्हणून तिथले पोलाद कारखाने व्हॅनेडियमकडे वळले. पेंटॉक्साइडचा भाव पौंडामागे २८ डॉलरच्या घरात गेला. मग कारखान्यांनी तेच काम करणारा दुसरा धातू, नायोबियम, धरला आणि वर्षाच्या आत भाव १० डॉलरच्या खाली आला.

आपल्या टीएमटी सळईला हे वारं तितकं लागलं नाही, कारण तिची ताकद पाण्यातून येते. सळईचा तुकडा आडवा कापा, पॉलिश पेपरने घासा, त्यावर स्पिरिटमध्ये २ टक्के नायट्रिक अ‍ॅसिड घालून फिरवा. कडेने गडद कडं उमटतं. तीच तिची ताकद. अशी सळई लेथवर लावून बोल्ट केला की कडं चिपबरोबर जातं आणि हातात मऊ गाभा उरतो. तरीही लोक करतात.

आता भट्टी. कुपवाड, मिरज, सातारा, कराड या पट्ट्यात फेरो व्हॅनेडियम (लोखंड आणि व्हॅनेडियमचा मिश्रधातू) दोन प्रकारचं येतं, ५० टक्क्यांचं आणि ८० टक्क्यांचं. ५०० किलोच्या हीटमध्ये (भट्टीच्या एका खेपेत) ०.१० टक्के व्हॅनेडियम हवं म्हणजे निव्वळ ५०० ग्रॅम. रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यातलं पोलादात उतरणारं, ९० टक्के धरली तर ८० टक्क्यांचं साधारण ७०० ग्रॅम लागतं, ५० टक्क्यांचं १ किलो ११० ग्रॅम. दोन्ही पोती दिसायला सारखीच. हिशेब ५० टक्क्यांचा करून पोतं ८० टक्क्यांचं उघडलं की स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) ०.१६ येतो. उलट झालं तर ०.०६. फेरो टाकायचा तो सिलिकॉन, मँगनीज, अ‍ॅल्युमिनियमने डीऑक्सिडेशन (पोलादातला ऑक्सिजन काढणं) झाल्यावर, स्लॅग ओढून, टॅपिंगच्या (भट्टी ओतण्याच्या) तोंडाशी. आधी टाकला तर ऑक्सिजन तो खातो. खडे लहान हवेत, कारण ८० टक्क्यांचा फेरो पोलादाच्या तापमानाला वितळत नाही, हळूहळू विरघळतो. मोठा खडा पुरता विरघळत नाही.

फोर्जिंगवाल्यांना ३८एमएनव्हीएस६ हे व्हॅनेडियमवालं पोलाद माहीत आहे. क्रँक, कनेक्टिंग रॉड, हब यांना चालतं. यात व्हॅनेडियम ०.०८ ते ०.२०. बिलेट (पोलादाचा चौकोनी दांडा) १२००-१२५० अंशांना तापलं की त्यातलं व्हॅनेडियम सगळं विरघळतं. जॉब गार होताना नायट्रोजन आणि कार्बन धरून अतिसूक्ष्म कण बनतात आणि क्वेंचिंग-टेंपरिंगशिवाय (तापवून बुडवणं आणि पुन्हा तापवणं न करता) कडकपणा येतो. फर्नेसचं बिल वाचतं. पण ट्रिमिंगनंतर गरम जॉब बिनमध्ये ढिगाने टाकले की मधले जॉब सावकाश गार होतात, कण जाडे होतात आणि हार्डनेस पडते. त्याच लॉटमध्ये वरचा जॉब २७० बीएचएन (कडकपणाचं माप), मधला २२५. माल रिजेक्ट झाला की स्टीलवाल्याला फोन जातो; खरं कारण बिनमध्ये असतं. कन्व्हेयरवर सुटे ठेवा. पंखा मात्र बेताने. फार जोरात गार केलं तर बेनाइट, म्हणजे जास्त कडक रचना, येतं आणि मशीनिंगला जीव खातं.

एसजी आयर्नवाल्यांना (गोल ग्रॅफाइटचं ओतीव लोखंड करणाऱ्यांना) व्हॅनेडियम नकोच असतं. ट्रकच्या पाटा स्प्रिंगचं आणि टूल स्टीलचं स्क्रॅप चार्जमध्ये मिसळलं की जाड भागात कार्बाइडचे कडक कण धरतात, मशीनिंगचे इन्सर्ट (कापणारी टोकं) तुटतात. अ‍ॅनीलिंगनेही हे कार्बाइड सहज जात नाहीत. ०.०५ टक्क्यांच्या खाली ठेवलेलं बरं.

बॅटरीचं गणित वेगळं. व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत वीज सल्फ्युरिक अ‍ॅसिडमधल्या व्हॅनेडियमच्या द्रावात साठते आणि पंप तो द्राव सेलमधून फिरवतात. ऑस्ट्रेलियात मारिया स्कायलास-काझाकोस यांनी १९८० च्या दशकात ती घडवली. चीनमध्ये दालियनला २०२२ मध्ये १०० मेगावॉट, ४०० मेगावॉट-तासांची उभी राहिली. १००० युनिट साठवायला सुमारे ५० हजार लिटर द्राव लागतो, म्हणजे जत-आटपाडीत उन्हाळ्यात फिरणारे १० हजार लिटरचे पाच टँकर. त्यात व्हॅनेडियम ४ ते ५ टन. तेवढ्यात ०.१० टक्केवालं चार-पाच हजार टन पोलाद झालं असतं. मागणी वाढतेय ती या मापाने.

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांशेजारी किंवा जतच्या सोलरजवळ ती बसेल का? आग लागत नाही, द्राव झिजत नाही, सहा-आठ तास वीज देते. पण १०० युनिट भरले तर हाती ७० च्या आसपास येतात. लिथियम याहून बरंच जास्त परत देतं. दोन तासांसाठी लिथियमच घ्यावं. शिवाय चार्ज झालेल्या पॉझिटिव्ह बाजूचा द्राव ४० अंशांच्या वर गेला की त्यातून पेंटॉक्साइडचा गाळ बसतो आणि सेलमधलं कार्बन फेल्ट (सच्छिद्र इलेक्ट्रोड) तुंबतं. जतच्या मे महिन्यात चिलर हवाच, आणि तोही त्याच ७० मधलं खाणार. टाक्यांभोवती अ‍ॅसिडप्रूफ कुंड आणि हाताशी चुना पाहिजेच.

चार्ज रंगावरून कळतो: पॉझिटिव्ह टाकी भरली की पिवळी, उतरली की निळी, निगेटिव्ह भरली की जांभळी, उतरली की हिरवी. चुकून दोन्ही टाक्यांचा द्राव एक झाला तर साठवलेली वीज उष्णता होऊन जाते, पण माल वाया जात नाही. मिश्रणातल्या व्हॅनेडियमचा ऑक्सिडेशन अंक पुन्हा सरासरी ३.५ वर येतो, नवा द्राव पुरवठादाराकडून येतो तसाच. निम्मा-निम्मा वाटून पहिल्यापासून चार्जिंग करायचं.