नाणी, सिगारेट आणि खडू : क्लोज-अप जादू शिकतानाचा माझा अनुभव

क्लोज-अप जादू म्हणजे स्टेजवरच्या पेट्या, लाईट, म्युझिक यातलं काही नाही. समोरचा माणूस हातभर अंतरावर बसलाय आणि तुमच्याकडे फक्त दोन हात आणि एक नाणं. आपल्याकडे जादू म्हणलं की जादूगार रघुवीर आणि त्यांच्या घराण्याचे स्टेजचे प्रयोग आठवतात, ते वेगळं आणि हे वेगळं. सांगलीत मला हे शिकवणारं कोणी भेटलं नाही, त्यामुळे जुनी पुस्तकं, व्हिडिओ आणि स्वतःचे हात एवढ्यावरच शिकलो. कोणी नव्याने सुरुवात करत असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय. ट्रिकची गुपितं उघडी करणार नाही, पण तयारी कशी होते ते सगळं सांगतो.

पहिला प्रश्न नाणं कुठलं घ्यायचं, आणि हा प्रश्न लोक फार हलका समजतात. बाहेरची पुस्तकं बहुतेक अमेरिकन हाफ डॉलर धरून लिहिलेली, म्हणजे 30.6 मिमी आणि 11.34 ग्रॅम. आपलं 2011 नंतरचं एक रुपयाचं नाणं जेमतेम 22 मिमी, वजन पावणेचार ग्रॅम, ते तळहातात धरायला गेलं की धरलंय का पडलंय हेच कळत नाही आणि समोरच्याला दोन हातावरून नीट दिसतही नाही. चलनातल्यात बरं म्हणजे दहाचं, 27 मिमी, पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, दोन रंगांचं असल्यामुळे लांबून उठून दिसतं. पण दहाच्या नाण्यांची डिझाईन एक नाही. दुकानदार ती घ्यायला नाही म्हणायला लागले तेव्हा रिझर्व्ह बँकेला 2018 साली सांगावं लागलं होतं की 14 डिझाईनची नाणी आहेत आणि सगळी चालतात. जादू करणाऱ्याला मात्र ट्रिकमधली तीन-चार नाणी हुबेहूब सारखी लागतात, मागची-पुढची बाजू, झीज, चमक सगळं. मी किराणावाल्या काकांकडून डबाभर नाणी ओतून घेऊन त्यातून निवडून काढली, त्यांना सुट्ट्या नाण्यांच्या बदल्यात नोटा मिळाल्या म्हणून ते पण खूश.

खरा शोध लागला तो सराफ कट्ट्यावर. जुना चांदीचा राणीछाप रुपया, लक्ष्मीपूजनाला आज्जी ताटात ठेवते तो, एक तोळ्याचा असतो म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि रुंदी 30 मिमीच्या थोडी वर. म्हणजे जवळजवळ हाफ डॉलरच! पुस्तकात लिहिलेलं सगळं त्याच्यावर जसंच्या तसं बसतं. सराफांनी विचारलं, पूजेला पाहिजेत का, मी म्हणलं नाही, जादूला, तर त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग बसा की निवांत, आवाज ऐकून घ्या." एकेक रुपया काउंटरवर वाजवून दाखवला. चांदीचा आवाज स्टीलसारखा कर्कश नसतो, लांबतो, आणि क्लोज-अपमध्ये आवाजाला फार किंमत आहे, कारण माणूस नाणं डोळ्यांनी मोजतो तसं कानांनीपण मोजतो. सारख्या झिजेचे चार घेतले. कडेच्या रेघा शाबूत असलेले बघून घ्या, तळहाताची पकड त्या रेघांवरच असते.

आता पाम, म्हणजे नाणं तळहातात लपवून धरणं. क्लासिक पाम म्हणजे नाणं तळहाताच्या मधोमध, अंगठ्याखालचा उंचवटा आणि समोरची बाजू यांच्या मधे अडकवून धरायचं. धरता येणं ही सुरुवात. नाणं धरलेला हात रिकाम्या हातासारखा दिसला पाहिजे, आणि माझ्या मते क्लोज-अपमध्ये शिकायचं ते एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या अवतीभवती. मी नाणं पाम करून घरातली कामं करायला लागलो. लसूण सोलायचा, शर्टाची बटणं लावायची, पेपरची पानं उलटायची, चहाचा कप उचलायचा. आईला काहीच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला ती म्हणायची, "हात आखडलाय का रे तुझा? तेल लाव जरा." ज्या दिवसापासून तिने विचारणं बंद केलं त्या दिवसापासून मी पाम लोकांसमोर वापरायला लागलो. याच्यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही, घरच्या माणसाला तुमचा हात पाठ असतो.

एक गोष्ट हवेची. एप्रिल-मेमध्ये सांगलीत हाताला घाम येतो तेव्हा नाणं चिकटून बसतं आणि सोडायचं तेव्हा सुटत नाही, आणि डिसेंबरात कातडी कोरडी पडली की तेच नाणं सटकतं. कार्यक्रम असेल त्या दिवशी मी अर्धा तास आधी हात धुऊन पुसून ठेवतो आणि मग कशाला हात लावत नाही, भडंग तर अजिबात नाही, तेलाची बोटं झाली की संपलं.

आरशासमोर सराव करा म्हणून सगळे सांगतात, करा, पण तेवढ्यावर थांबू नका. नाणं गुपचूप लपवायच्या नेमक्या क्षणी आपले डोळे आपोआप मिटतात आणि आरशात आपल्याला ते दिसतच नाही. मोबाईल समोर उभा करून शूट केलं की दिसतं. आणि समोरच्याला कळतं बरं का, त्याला काय झालं ते कळत नाही पण "आत्ता काहीतरी झालं" एवढं कळतं. नजरेचा नियम साधा आहे, तुम्ही जिकडे बघाल तिकडे लोक बघतात आणि तुम्ही त्यांच्या तोंडाकडे बघून प्रश्न विचारला की ते तुमच्या तोंडाकडे बघतात. नाणं डाव्या हातात दिलंय असं दाखवायचं असेल तर आधी तुम्हाला स्वतःला ते डावीकडे आहे असं वाटायला पाहिजे. म्हणून मी आधी खरोखर नाणं देत राहायचो, पुन्हा पुन्हा, आणि खांदा कसा हलतो, बोटं कशी मिटतात ते बघायचो, मग खोटं देताना तेच करायचं.

जुन्या लोकांचं वाचताना बळ आलं. नेल्सन डाउन्स (1867–1938) हा अमेरिकेत रेल्वेत तारेचं काम करायचा, ते करता करता नाण्यांवर हात बसवला आणि पुढे नाण्यांचा राजा म्हणून जगभर गाजला, हवेतून एकामागून एक नाणी काढून टोपीत टाकायचा. मी मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघत बाकावर बसलो की हमखास त्याची आठवण येते आणि खिशातला रुपया हातात येतो.

सिगारेटकडे मी उशिरा वळलो. मी ओढत नाही, पण सिगारेटच्या जादूची परंपराच एवढी मोठी आहे की तिला टाळून पुढे जाणं मला पटेना. कार्डिनी हा वेल्समधला जादूगार, पेटलेल्या सिगारेटी हवेतून काढायचा, एक टाकली की दुसरी हातात हजर. आज ते जसंच्या तसं करायची जागाच उरली नाही, 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे आणि मला ती बंदी योग्यच वाटते. म्हणून मी न पेटवलेलीच वापरतो. महाराष्ट्रात 2020 पासून सुट्टी विकायला पण बंदी आहे, त्यामुळे पाकीट घ्यावं लागतं. हाताच्या दृष्टीने सिगारेट नाण्याच्या अगदी उलट. नाणं चपटं आणि जड, सिगारेट लांब, हलकी आणि मऊ, अंगठ्याच्या मुळाशी धरताना जरा जास्त दाबली की कागद चुरगळतो, तंबाखू गळते आणि टेबलावर पुरावा. शिवाय बाजूने बघणाऱ्याला टोक दिसतं, त्यामुळे अँगल फार जपावे लागतात. विश्रामबागला टपरीवाले मामा माझे पहिले प्रेक्षक, ते टपरीच्या आत उंचावर बसून वरून बघतात, म्हणजे सगळ्यात अवघड जागा. पहिल्यांदा त्यांच्यासमोर सिगारेट गायब झाली तेव्हा त्यांनी गिऱ्हाईक तसंच उभं ठेवलं आणि म्हणाले, "लगा, दोन्ही हात उघड बघू." उघडले. "बाही वर कर." केली. मग शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली, "ए, हिकडं ये की, हे बघ काय करतंय." तो आनंद मला अजून पुरतोय.

पण पोरांसमोर सिगारेट नकोच. गणपतीत गल्लीतल्या मंडळात करायला सांगितलं तेव्हा मी खडू घेतला. आकार साधारण जवळचा, पोरांच्या ओळखीचा. खडूची पूड बोटांना लागते आणि तो पांढरा डाग खडू कुठे गेला ते सांगून टाकतो, म्हणून खडू आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवायचा. सिगारेट फाडून परत अख्खी करता येते तसा खडू मोडून अख्खा करायचा, आणि मोडतानाचा तो कट् आवाज सिगारेटपेक्षा कितीतरी भारी वाटतो. एका पोरीने तो खडू घरी नेऊन दुसऱ्या दिवशी परत आणून दिला, म्हणाली आत काही नाहीये, मी फोडून बघितला.

मंडळात बसायला सतरंजी, आणि इथे स्लायडिनीचं वाचलेलं कामाला आलं. इटलीत जन्मून न्यूयॉर्कला गाजलेला हा माणूस टेबलाशी बसून करायचा, पुढे झुकला की बघणारे ताणून बघायचे, मागे रेलून सैल झाला की तेही सैल व्हायचे, आणि काम त्या सैल क्षणात व्हायचं. सतरंजीवर टेबलाची कडा नाही, पण मांडी घालून बसल्यावर गुडघे आहेत, मांडीवर झब्ब्याचा घोळ आहे. अंगाचं झुकणं-रेलणं तर तेच. आपल्याकडचे रस्त्यावरचे जादूवाले जमिनीवर बसूनच वाटी-गोट्यांचा खेळ करतात, चारी बाजूंनी माणसं असताना. त्यांना बघताना आता माझं लक्ष हातापेक्षा गुडघ्यांकडे जातं, आणि कमाल वाटते.

मावसभावाच्या साखरपुड्यात टेबला-टेबलावर फिरून केलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, परत कर. तीच ट्रिक तशीच परत करायची नाही हा नियम मी पाळतो, कारण दुसऱ्यांदा माणूस कुठे बघायचं ते ठरवून बसतो. मी रुपया त्यांच्याच मुठीत ठेवला आणि दुसरीच ट्रिक धरली. मूठ उघडल्यावर दोन रुपये निघाले. आजोबा ते दोन्ही अंगठ्याने चोळत बसले आणि राणीछाप रुपये घरात कुठल्या ट्रंकेत असायचे, बहिणीच्या लग्नात किती मोडले ते सांगायला लागले, सगळं टेबल ऐकत होतं. म्हणून मी सांगतो, एक तरी जुनं नाणं जवळ ठेवा. प्लॅस्टिकच्या सामानावर कोणी असं बोलत नाही.

सध्या चार नाणी एकेक करून एका हातातून दुसऱ्या हातात जातात ती ट्रिक बसवतोय. चांदीच्या रुपयांचा आवाज लांबतो म्हणून तिसऱ्या नाण्याला कान पकडतो की नाणी किती आहेत, त्यामुळे तेवढी ट्रिक दहाच्या नाण्यांवर करून बघतोय. सांगली-मिरजेत अजून कोणी करत असेल तर कधी संध्याकाळी आमराईत बसू, तुमची नाणी तुम्ही आणा.