टाकीतले किडे

"वहिनी, तुमच्या माशांच्या टाकीत किडे पडलेत." वर्षातून दहा-बाराजण तरी मला हे सांगतात. सिलिंडर आणणाऱ्या मुलापासून चतुर्थीला येणाऱ्या नणंदांपर्यंत. आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न: औषध का नाही घालत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घातलं होतं एकदा.

आमच्या म्हापशाच्या घरात खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी आहे. दोन क्लाउनफिश, म्हणजे पोरांच्या भाषेत निमो, चार-पाच गोगलगाई, शंखात राहणारा एक खेकडा आणि दगड. पहिल्याच वर्षी एका माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. दुकानदाराने निळं औषध दिलं. मी थेंब मोजून घातले. दुसऱ्या दिवशी काच लख्ख, एक किडा दिसेना. मी खूश! तिसऱ्या दिवशी गोगलगाई उलट्या पडलेल्या आणि पाण्याला घाण वास. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडत होते. त्यातला एक वाचला.

औषध तांब्याचं होतं. ठिपक्यांवर ते चालतं, खोटं नाही, पण आजारी मासा वेगळ्या टबात ठेवून द्यायचं असतं. माशाला सोसेल एवढं तांबं गोगलगाईला, खेकड्याला आणि त्या 'किड्यांना' विष असतं. ते मेले, दगडांच्या फटींत कुजले, आणि कुजण्यातून निघालेल्या अमोनियाने माशाला मारलं. दगडांत तांबं मुरतं म्हणून ते दगडही टाकून द्यावे लागले.

तर हे किडे कोण? रात्री दिवे मालवून अर्ध्या तासाने काचेवर टॉर्च मारा. रव्याच्या कणाएवढे पांढरे ठिपके, मध्येच टुणकन उडी घेणारे. माझे सासरे सोनार, त्यांचं नगातली खोट बघायचं भिंग मी टाकीपाशीच ठेवते. त्यातून बघितलं तर थेंबासारखं अंग, डोक्यावर दोन मिशा आणि मधोमध एकच तांबडा डोळा. मादी असली तर मागे अंड्यांची थैली लटकलेली. हे कोपेपॉड, कोळंबीचे लांबचे भाऊबंद. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. दगडावरचं शेवाळ, उरलेलं अन्न, माशाची घाण, सगळं पुसून खातात आणि मग माशाच्याच पोटात जातात. समुद्रातही हेच चालतं. बहुतेक मासे अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिला घास घेतात तो असल्याच कोणाच्या तरी पिल्लांचा. बांगड्याच्या पोटात तर मोठेपणीही हे सापडतात. म्हणजे आपण तळतो तो बांगडाही थोडाफार ह्या किड्यांचाच.

भिंगातूनही न दिसणारे आणखी आहेत. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो. एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते माशाला वाईटच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सोसतं आणि पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू दगडावर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात, पण सावकाश. टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासा सोडायचा नाही, तो यासाठीच. त्या दिवसांत काचेवर तपकिरी थर येतो, तो बघून लोक टाकी घासायला घेतात. घासू नका. मीही दुसऱ्यांदा मांडताना ओळखीच्या एकाच्या जुन्या टाकीतला मूठभर दगड आणून घातला आणि हात मागे बांधून बसले. (समुद्रातून प्रवाळ मात्र उचलून आणू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे.)

मीठ घालून पाणी करता येईल का, हा पुढचा प्रश्न. आगरवाड्याचं मीठ आमच्या तोरांना, म्हणजे खारवायच्या कैऱ्यांना लागतं, टाकीला नाही. मिठागरात पाणी आटताना आधी कॅल्शियमचे क्षार तळाला बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम त्या कडू पाण्यात राहून जातं. ते मीठ परत पाण्यात घातलं म्हणून त्याचा समुद्र होत नाही. मी मार्च ते मे हणजूणहून भरतीचं पाणी ड्रममध्ये भरून आणते. पावसात नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्यापर्यंत येतं, तेव्हा तयार समुद्री मिश्रणाची पिशवी. पाणी किती खारट ते दाखवणारा घनतेचा काटा १.०२५ वर. पाणी आटलं की काटा चढतो, कारण उडतं ते पाणी, मीठ तिथंच राहतं. म्हणून वरून घालायचं ते गोडंच, आणि नळाचं थेट नाही. त्यातलं क्लोरीन वर सांगितलेल्या जिवाणूंना मारतं.

जूनमध्ये वीज गेली की माझी झोप उडते ती ह्या जिवाणूंसाठीच. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि माशांबरोबर हे जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवरचा हवेचा पंप मेणबत्त्यांच्या खणातच असतो.

आता टाकीत पहिल्यापेक्षा मासा एकच जास्त आहे, पण अन्न दिवसाला चिमूटभरच. किडे फार वाढले तर समजते की मीच जास्त घालतेय. चार दिवस हात आखडला की तेही कमी होतात.

दगडाखालचा तो लांब, केसाळ, गुलाबी किडा? तोही राहू दे, मेलेलं खातो बिचारा. फक्त बोटांनी उचलू नका. त्याचे केस काचेच्या कुसळांसारखे कातडीत घुसतात. मला ते चिकटपट्टी लावून ओढून काढावे लागले, आणि दोन दिवस भाताचा घास डाव्या हाताने.