अप्पांची बेरेट

16 डिसेंबर, रात्री साडेदहा

आज विजय दिवस. एका शाळेनं अप्पांना बोलावलं होतं, परवा फोन आला त्यात शाळेतला एक मुलगा म्हणाला काका वर्दीतच या, फोटो भारी येतात. अप्पा नुसतं "बघू" म्हणाले. मी मात्र लगेच माळ्यावरची ट्रंक उतरवली, डांबरगोळ्यांच्या वासाची ती जुनी ओजी, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, फौजी वर्दी काढली, कडक इस्त्री मारून खुर्चीवर अडकवून ठेवली, मला वाटलं किती खूश होतील.

पहाटे उठून त्यांनी वर्दी बघितली, कॉलरवरून हात फिरवला आणि घडी घालून परत ट्रंकेत ठेवली. मला रडूच आलं. तर म्हणाले, "अगं पोरी, वर्दी अंगावर असली की माणूस ड्यूटीवर असतो, दाढी, बूट, चाल सगळं तसंच पाहिजे. मी आता पेन्शनर. मेडल मात्र माझी हायत, ती शेवटपर्यंत लावणार."

मग ब्रासो, म्हणजे धातूचं पॉलिश, काढलं. पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, 1971 च्या युद्धाची दोन्ही पदकं, जुन्या बनियनच्या तुकड्यानं घासत बसले, अक्षरांच्या खाचेत अडकलेली पांढरी पावडर काडेपेटीच्या काडीनं काढत होते, मी चहा ठेवला तो पण गार झाला. बेरेट, म्हणजे फौजेतली लोकरी गोल टोपी, कोमट पाण्यात भिजवून पिळली, आरशासमोर डोक्यावर बसवून उजव्या कानावर ओढली आणि ओलीच घालून अर्धा तास ओट्यावर ऊन खात बसले, आकार बसायला. पांढरा शर्ट, निळा ब्लेझर, डाव्या छातीवर मेडल. बास.

अप्पा तेव्हा एकोणीस वर्षांचे, जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. 1971 च्या डिसेंबरात बांगलादेशातल्या (तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या) जमालपूरला रात्रभर गोळीबार चालला तेव्हा ते तिथं होते. पुढं 16 तारखेला ढाक्यात पाकिस्तानच्या 93,000 जणांची शरणागती झाली हे सगळे भाषणात सांगतात, जमालपूरचं नाव फार कमी जण घेतात म्हणून इथं लिहून ठेवतेय.

कार्यक्रमात एकजण फुल कॉम्बॅट प्रिंटमध्ये, खांद्यावर फिती, छातीवर बाजारातली पदकं लावून आला होता आणि कधीच फौजेत नव्हता हे मागनं कळलं. मला हे अजिबात पटत नाही. लहान पोरं 26 जानेवारीला फौजी बनतात ते गोड आहे, पण लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून मोठ्या माणसानं वर्दी घालणं हा गुन्हा आहे, नव्या न्याय संहितेत कलम 168, तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर 2,000 रुपयांपर्यंत दंड नाहीतर दोन्ही. शिक्षेचं सोडा, ती फीत मिळवायला एखाद्याची पंधरा वर्षं जातात हो! अप्पा त्याला काही बोलले नाहीत, फक्त राष्ट्रगीत सुरू झाल्यावर दोन पावलं बाजूला सरकून सावधानमध्ये उभे राहिले, गुडघा दुखतो तरी हलले नाहीत.

घरी येऊन शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि मेडल आईच्या खणाच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात ठेवली. ठेवताना बघितलं, पूर्वी स्टारची रिबन कडेला पार विरलीय, दोन धाग्यांवर लटकतेय. 14 जानेवारीला माजी सैनिकांचा दिवस आहे, त्याच्या आत नवी मिळते का बघायला पाहिजे, तेव्हा सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असेल म्हणून या रविवारीच इथल्या नवी पेठेच्या बाजारात जाऊन विचारते.